न्दाऊ बोधकथा आणि इतिहासस्मृती

झिंबाब्वेच्या आग्नेय टोकाचा चिपिंगे-चिमानिमानी हा डोंगराळ मुलूख आणि त्याला लागून असलेले मोझांबिकचे मानिका व सोफाला प्रांत येथील न्दाऊ लोकांचे मौखिक कथाधन. भाषाशास्त्रज्ञ क्लेमंट डोक यांनी १९३१ मध्ये त्यांच्या न्दाऊ भाषेला शोना भाषेची बोली ठरवले; झिंबाब्वेच्या २०१३ च्या संविधानात मात्र तिला स्वतंत्र अधिकृत भाषेचे स्थान मिळाले.

या कथा लिखित रूपात आल्या त्या प्रामुख्याने कांबा सिमांगो या न्दाऊ विद्यार्थ्यामुळे. अमेरिकेत शिकत असताना त्याने सांगितलेल्या कथा व गीते नॅटली कर्टिस बर्लिन यांनी १९२० मध्ये ग्रंथरूपाने छापली. १९२२ मध्ये मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्यासह त्याने कथा व म्हणींचा संग्रह प्रसिद्ध केला.

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या मोठ्या टापूत आढळणारी विहिरीची कथा या परंपरेचा नमुना म्हणून घेता येते. दुष्काळात सगळे प्राणी मिळून विहीर खणतात, ससा अंग चोरतो आणि रात्री येऊन पाणी पितो. पहारेकऱ्याला तो अक्षरशः मधाचे बोट लावतो; आणखी हवा असेल तर आधी हातपाय बांधून घे, अशी त्याची अट. शेवटी पाण्यात दबा धरून बसलेले कासव त्याला पकडते. कथेतला इशारा कामचुकारालाच आहे असे वरवर वाटते. खरे तर लोभापायी स्वतःला बांधून घेणारा पहारेकरीही तितकाच हास्यास्पद ठरतो.

ओळखीची स्थळे नाकारून देखण्या परक्याशी लग्न करणाऱ्या आणि मग तो श्वापद निघालेल्या मुलीची कथाही या प्रदेशात सर्वदूर आहे. तिचा संबंध गाझा राजवटीशी जोडण्याचा मोह होतो. ही राजवट उभारणाऱ्या सोशांगानेच्या न्गुनी टोळ्यांनी एकोणिसाव्या शतकात न्दाऊंवर सत्ता बसवली, खंडणी घेतली, तरुणांना फौजेत ओढले; न्दाऊंमधली कान टोचण्याची चालही त्यांचीच. परंतु गाझांशी कधीच गाठ न पडलेल्या समाजांतही ही कथा आहे. तेव्हा ती त्या आक्रमणातून जन्मली असे म्हणता येत नाही. ऐकणाऱ्यांनी तिच्यात आपला अनुभव ओतला असेल, एवढेच.

इतिहासाशी पक्का धागा जुळतो तो ‘म्फुक्वा’ या सूड घेणाऱ्या आत्म्यांच्या कथनांत. १८८९ मध्ये गाझा राजा न्गुन्गुन्यानेने राजधानी न्दाऊ मुलखातील मोसुरिझेहून दक्षिणेला बिलेनेकडे हलवली आणि हजारो न्दाऊंना सोबत नेले. परमुलखात मारल्या गेलेल्या आणि विधीविना पुरलेल्या न्दाऊंचे आत्मे मारणाऱ्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या पछाडतात, भरपाई म्हणून त्या घरची मुलगी मागतात, असे दक्षिण मोझांबिकमधील त्सोंगा कुटुंबांत आजही मानले जाते. म्हणजे न्दाऊंवरील अन्यायाची आठवण न्दाऊंइतकीच त्यांच्या शेजाऱ्यांनीही, धास्तीपोटी का होईना, जपली. १९९२ मध्ये यादवी संपल्यावर मध्य मोझांबिकमध्ये ‘गाम्बा’ हे मृत सैनिकांचे आत्मे पुढे आले. त्यांची मागणीही हिशेब चुकता करण्याचीच असते.