माळीण : पंचनाम्यात न मावलेला आघात

१/ ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर सकाळी डोंगरकडा कोसळला. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर पोहोचली. १५१ जणांचा बळी गेला.

२/ मृतांची मोजदाद झाली, पडलेल्या घरांचे पंचनामे झाले. जे वाचले त्यांच्या मनावरील आघात मात्र कोणत्याही पंचनाम्याच्या रकान्यात बसत नाही.

३/ परिचर्याशास्त्राने हा प्रश्न पूर्वीच हाती घेतला होता. अमेरिकन परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मधील आपल्या ग्रंथात परिचारिका व रुग्ण यांच्यातील नात्याला शुश्रूषेच्या केंद्रस्थानी आणले. रुग्णाची भीती समजून घेणे हे त्यांच्या लेखी सौजन्य नव्हते. ते परिचारिकेचे कामच होते.

४/ २ एप्रिल २०१७ रोजी आमडे येथील नव्या गावठाणात घरे सुपूर्द झाली. त्याच जूनच्या पावसात तिथले रस्ते खचले आणि ग्रामस्थ पुन्हा धास्तावले.

५/ मग पुनर्वसन पूर्ण झाल्याची तारीख कोणती मानावी? घराची किल्ली हाती आली तो दिवस, की मुसळधार पावसातही गाव निर्धास्त झोपेल ती रात्र?