नगरराज्ये आणि सत्तेचा जाब

भूमध्य समुद्राच्या परिसरात प्राचीन काळी जी नगरराज्ये नांदली, त्यांपैकी स्पार्टा, कार्थेज आणि अथेन्स या तिघांच्या राज्यव्यवस्था परस्परांहून अगदी भिन्न होत्या. प्रश्न मात्र तिघांपुढेही एकच होता : ज्याच्या हाती सत्ता दिली, त्याला जाब कोणी विचारावा?

स्पार्टात एकाच वेळी दोन राजे असत. साठी उलटलेले २८ वृद्ध आणि हे दोन राजे मिळून वृद्धसभा होई. परंतु खरा अंकुश होता तो दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या पाच 'एफर' अधिकाऱ्यांचा. राजालाही ते न्यायासनापुढे उभे करू शकत. कायद्याप्रमाणे राज्य करण्याची शपथ राजाला दरमहा घ्यावी लागे. मात्र ज्यांच्या श्रमावर हे राज्य उभे होते, त्या हेलॉट नामक दासांना कोणालाही जाब विचारता येत नसे.

कार्थेजमध्ये 'सुफेत' नावाचे दोन अधिकारी दरवर्षी निवडले जात. १०४ जणांच्या न्यायमंडळाचा तेथे मोठा दरारा होता. ॲरिस्टॉटलने या व्यवस्थेची प्रशंसा केली. पण तेथे गुणांइतकेच धनालाही महत्त्व मिळते, हा दोषही दाखविला. पुढे न्यायाधीश तहहयात पदावर राहून शिरजोर झाले. इ. स. पू. १९६ मध्ये सुफेत झालेल्या हॅनिबलने त्यांची मुदत एक वर्षावर आणली. त्याच्या शत्रूंनी रोमकडे गाऱ्हाणे नेले आणि पुढच्याच वर्षी त्याला नगर सोडून पळावे लागले.

अथेन्समध्ये नागरिकांची सभाच सर्वश्रेष्ठ होती. स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी यांना तीत स्थान नव्हते. ५०० जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई आणि मुदत संपताच प्रत्येक अधिकाऱ्याला आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागे. पण खुद्द सभेचा हिशेब कोण घेणार? इ. स. पू. ४०६ मध्ये आर्गिनुसी येथे आरमारी विजय मिळविणाऱ्या सेनापतींनी वादळात बुडणारे खलाशी वाचविले नाहीत, म्हणून संतप्त सभेने त्यांचा एकत्रितच निकाल लावला. हे बेकायदा आहे, असे सॉक्रेटिसने सांगून पाहिले. कोणी ऐकले नाही. सहा सेनापतींना देहदंड झाला आणि नंतर लोकांना पश्चात्ताप करण्याची पाळी आली.

कुंपणच शेत खाऊ लागले, तर शेताने कोणाकडे पाहावे? इ. स. पू. ४०३ मध्ये लोकशाही पुन्हा स्थापन झाल्यावर अथेन्सने याचे उत्तर दिले : मंडळाचा वा सभेचा कोणताही ठराव कायद्याहून श्रेष्ठ मानला जाणार नाही. राजा, धनिक आणि बहुमत या तिघांनाही लागू पडणारे हे उत्तर होते. पण ते हाती येण्यापूर्वी सहा जणांचे प्राण गेले होते.