दीड महिन्याच्या डोसची कुळकथा

हिंगोली शहरात किंवा औंढा-सेनगावकडच्या एखाद्या खेड्यात लसीकरण असलं, की दीड महिन्याच्या बाळाच्या उजव्या मांडीत सिस्टर पीसीव्हीचं इंजेक्शन देतात. आशाताई आईला बजावते, बाळ साडेतीन महिन्यांचं झालं की आणि नऊ महिने पूर्ण झाले की परत यायचं. आया पीसीव्हीला न्यूमोनियाची लस म्हणतात. या लसीत न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस जंतू जिवंत नसतो, मेलेलाही नसतो. असतं ते त्याच्या अंगावरचं आवरण, प्रथिनाला जोडलेलं.

हे आवरण साखरेच्या साखळ्यांचं आहे, हे १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये हायडलबर्गर आणि एव्हरी यांनी दाखवलं. ते असलं की शरीरातल्या भक्षक पेशींना जंतू धरताच येत नाही. १९२८ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथने बिनआवरणाचे जिवंत जंतू आणि आवरणवाले, पण उष्णतेने मारलेले जंतू उंदरांना एकत्र टोचले. एकेकटे दोन्ही निरुपद्रवी, तरी उंदीर दगावले. आणि त्यांच्या रक्तात जिवंत, आवरणवाले जंतू निघाले! मेलेल्यांकडून जिवंतांनी उचललं तरी काय? डीएनए, असं उत्तर एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दिलं. आनुवंशिकतेचं द्रव्य माणसाला सापडलं ते या आवरणाचा माग काढताना. विसाव्या शतकात याहून मोठा शोध मला तरी दिसत नाही.

आवरण तयार करणारी जनुकं जंतूच्या, म्हणजे त्याच्या आवरणाच्या, बहुतेक प्रकारांत गुणसूत्रावर एकाच जागी, ओळीने असतात. पण आवरण सदासर्वकाळ सारखं जाड नसतं. नाकात मुक्काम करायचा तर पेशींना चिकटावं लागतं आणि जाड आवरण तिथे आड येतं. म्हणून नाकात पातळ आवरणाचे तगतात, रक्तात जाड आवरणाचे. डीएनएचे काही तुकडे उलटसुलट होऊन सहा मांडण्या करतात आणि मांडणीगणिक आवरणाचं प्रमाणही बदलतं, हे २०१४ मध्ये समोर आलं.

नुसती साखर टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तिला नीट दाद देत नाही. तिला प्रथिनाची जोड द्यायची युक्ती एव्हरी आणि गोबेल यांची, १९३१ सालची. तिच्याच आधारे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवरची 'न्यूमोसिल' केली. २०१९च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. प्रकार मात्र शंभरावर आहेत, आणि जंतू आजही दुसऱ्याची जनुकं उचलून आवरण बदलतात, ग्रिफिथच्या उंदरांत बदललं तसंच. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरची लस आली आणि तिच्यात नसलेला १९ए हा प्रकार पुढे फोफावला. पुण्याच्या लसीत तो घेतलेला आहे.