महिला खो-खो विश्वचषक, २०२५

खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीतील इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागारात झाली. पुरुष व महिला गटांचे सामने एकाच वेळी, एकाच ठिकाणी झाले. महिला गटात १९ संघ होते. अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८–४० असे हरवले. भारतीय संघाचे नेतृत्व पुण्याच्या प्रियंका इंगळेकडे होते. धाराशिवची अश्विनी शिंदे आणि ठाण्याची रेश्मा राठोड याही संघात होत्या. पुरुषांच्या अंतिम फेरीतही हेच दोन देश समोरासमोर आले आणि भारतच ५४–३६ असा जिंकला.

शाळेच्या मैदानावर खो-खो खेळलेल्या वाचकाला हे गुणफलक चक्रावून टाकतील. जुन्या पद्धतीत एक गडी बाद केला की एक गुण मिळे, त्यामुळे सामने बारा-अकरा, चौदा-बारा असे सुटत. विश्वचषकात एका गड्याला दोन गुण होते आणि आक्रमण-संरक्षणाचे सात-सात मिनिटांचे चार टर्न. पळणाऱ्यांची तीन जणींची तुकडी तीन मिनिटे टिकली की संरक्षणालाही एक गुण, आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या मिनिटाला आणखी एक. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. पळणाऱ्यांच्या दमसासाला थेट गुणफलकावर जागा देणारा हा नियम खेळाला मानवला, असे म्हणायला हरकत नाही.

साखळी सामन्यांत भारताने दक्षिण कोरियाला १७५–१८, इराणला १००–१६ आणि मलेशियाला १००–२० असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशविरुद्ध १०९–१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६६–१६. या आकड्यांचा वृत्तपत्रांत मोठा गाजावाजा झाला. पण त्यांतून भारताच्या ताकदीइतकाच इतर संघांचा नवखेपणा दिसतो. बाहेरच्या बहुतेक देशांत हा खेळ अलीकडे पोहोचला. भारतीय मुली मात्र तिसरी-चौथीपासून पाटीवर बसलेल्या असतात. नेपाळचे तसे नाही. त्यांनी उपांत्य सामन्यात युगांडाला ८९–१८ असे सहज हरवले होते, आणि अंतिम सामन्यात भारताला ज्या थोड्या अडचणी आल्या त्या त्यांनीच आणल्या.

तो सामना टर्ननिहाय पाहण्यासारखा आहे. पहिल्या टर्नमध्ये भारताने ३४ गुण घेतले, म्हणजे सात मिनिटांत १७ गडी. सरासरी पंचवीस सेकंदांना एक. नेपाळच्या एकाही तुकडीला ड्रीम रन मिळाला नाही. दुसऱ्या टर्नमध्ये नेपाळने १२ गडी टिपले. भारताला ड्रीम रनचा एकच गुण मिळाला आणि फरक ३५–२४ वर आला. स्पर्धेत रंगत होती ती एवढीच. तिसऱ्या टर्नमध्ये भारताने आणखी १९ गडी बाद करून गुणसंख्या ७३ वर नेली. शेवटच्या टर्नमध्ये कर्नाटकच्या चैत्रा बी. हिच्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंद हूल देत, खांबाला वळसे घालत नेपाळला पळवले. त्याचे पाच गुण मिळाले आणि भारताची बेरीज ७८ झाली. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान चैत्राला मिळाला, तर उत्कृष्ट संरक्षक ठरली नेपाळची मनमती धामी.

या विजयाआधी भारतीय महिलांनी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले होते. तेव्हा कर्णधार होती धाराशिवची सारिका काळे. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये आसामातील तामुलपूरला आशियाई अजिंक्यपदही भारताकडे आले.

या यशाकडे खानदेशातील मुलींच्या अंगाने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुली तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतात आणि विभागाच्या पायरीवर खानदेशी संघांची गाठ नाशिकशी पडते. महाविद्यालयीन मुलींसाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची वेगळी वाट आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे क्षेत्र हेच तीन जिल्हे.

या मुलींची अडचण आहे ती जमिनीची. विश्वचषक मॅटवर झाला. जळगाव-धुळ्याकडे बहुतेक शाळांत खो-खो अजून मातीतच, बऱ्याचदा अनवाणी खेळला जातो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात चिखल होतो, त्यामुळे मैदानावर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागतो. मातीवर सूर मारणारी मुलगी घसरत पुढे जाते आणि त्या घसरण्याचाच हिशोब धरून हात लांबवते. मॅटवर अंग जागीच धरले जाते, बूट घालून वळताना पाऊल लवकर रोवले जाते. त्यामुळे सूर कुठून मारायचा आणि खांबाजवळ वळायचे कधी, हे दोन्ही नव्याने बसवावे लागते.