संशय आणि निर्णय : बिनतारी संदेशाचा किनाऱ्यावरून इतिहास

श्रोतेहो, रत्नदुर्गाकडे रात्री तोंड करून उभं राहिलं की दीपगृहाचा प्रकाश दिसतो. तो नुसता पेटत नाही, एका ठरावीक तालात लखलखतो. प्रत्येक दीपगृहाचा ताल वेगळा असतो. समुद्रातला तांडेल लखलखाट मोजतो, मधला अंधार मोजतो आणि ओळखतो, की ही रत्नागिरी आहे, जयगड नव्हे. आजचा आपला सगळा विषय या एका दृश्यात आहे. प्रकाश म्हणजे वाहक लहर. ती ठरलेल्या रीतीने बदलणं म्हणजे मॉड्युलेशन. आणि तांडेलाने मनात मोजून नाव काढणं म्हणजे डीमॉड्युलेशन.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इंजिनियर नाही. मग या विषयात आम्ही का पडलो, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर न्यायदर्शनात आहे. गौतमाने जे सोळा पदार्थ सांगितले त्यात एक संशय आणि एक निर्णय. संशयाचं ठरलेलं उदाहरण असं, की संध्याकाळच्या अंधुक उजेडात लांब काहीतरी उभं दिसतं. तो खांब आहे की माणूस? रेडिओच्या रिसीव्हरपुढे दर क्षणी हाच प्रश्न असतो. त्याचा निर्णय कोण करतो, यंत्र की माणूस, हे गेल्या सव्वाशे वर्षांत दोनदा बदललं. तो इतिहास आज पाहायचा आहे.

आपली समजूत अशी, की डिजिटल म्हणजे अगदी अलीकडचं. आधी साधा रेडिओ होता, मग संगणक आला आणि सगळं शून्य-एकात गेलं. वस्तुस्थिती उलट आहे. बिनतारी संदेश जन्माला आला तोच हो-नाहीच्या भाषेत. सुरुवातीचा ग्राहक म्हणजे कोहिअरर नावाची काचेची नळी, आत धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो आणि त्यातून वीज वाहू लागते. मग एक छोटी हातोडी नळीला टिचकी मारून कीस पुन्हा मोकळा करते, पुढच्या लहरीसाठी. लहर आली किंवा नाही आली, एवढंच त्या नळीला कळायचं. किती जोराची आली हे कळत नसे, म्हणून माणसाच्या आवाजाला ती ठार बहिरी होती. मोर्सचे ठिपके आणि रेघा मात्र तिला पुरेशा होत्या.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडून आलेले तीन ठिपके ऐकले, म्हणजे मोर्समधला एस. पण त्या दिवशी त्याने कागदावर उमटवणारं यंत्र बाजूला ठेवून कानाला टेलिफोन लावला होता. त्यामुळे लेखी पुरावा उरला नाही. आकाशातल्या खरखरीत त्याला खरोखर ठिपके ऐकू आले, की ज्याची वाट पाहत होता तेच ऐकू आलं, हा वाद अजून मिटलेला नाही. खांब की माणूस!

आपल्याकडे १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. प्रक्षेपण खडकीहून, ग्रहण दौंडला. दोन्ही एकाच जागी ठेवली तर स्वतःच्याच गोंगाटात दूरचा क्षीण संदेश बुडतो, म्हणून ही फारकत. आगगाडीने दौंडवरून जाताना तिथे थांबून चहा पिणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आणि त्याच वर्षी, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. एकीकडे कट्ट-कड, दुसरीकडे गाणं. दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या.

आवाज पाठवायचा तर लहर नुसती चालू-बंद करून भागत नाही. तिची उंची आवाजाप्रमाणे कमी-जास्त करावी लागते, तेच एएम. रत्नागिरी आकाशवाणीचं ११४३ किलोहर्ट्झ ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ग्राहकात एक डायोड असतो, तो लहरीचा वरचा काठ तेवढा काढून घेतो, की झालं डीमॉड्युलेशन. इतकं साधं आणि इतकं स्वस्त, म्हणून तर ट्रान्झिस्टर बोटीवर पोचला.

या रीतीत एक मोठी गोष्ट घडली. निर्णय यंत्राकडून माणसाच्या कानाकडे आला. एएमचं यंत्र काहीच ठरवत नाही. आलं ते सगळं, आवाज आणि खरखर, तुमच्यापुढे ओततं. आमच्या लहानपणी रात्री मुंबई केंद्र लागायचं, मध्येच विरायचं, परत यायचं. नाट्यगीतातले चार शब्द बुडाले तरी आमचे वडील ते पुरे करून गुणगुणत. मिरकरवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना आम्ही मागे विचारलं होतं, खोल समुद्रात बातम्या कशा समजायच्या? ते म्हणाले, ‘सर, नुसतं वादळ आणि किनारा एवढे दोन शब्द कानावर पडले तरी जाळं ओढायला घ्यायचं.’

आता दुसरं वळण. घड्याळाचा काटा कल्पून पाहा. लहर कुठल्या टप्प्यावर आहे हे तो काटा दाखवतो. फक्त बारा आणि सहा या दोनच जागा ठरवल्या तर दर वेळी एक बिट जातो. चार जागा ठरवल्या तर दोन बिट. काट्याची लांबीही बदलत चौसष्ट बिंदू मांडले तर सहा बिट. काम वाढलं, पण बिंदू दाटीवाटीने बसले आणि थोड्याशा गोंगाटाने काटा शेजारच्या बिंदूवर दिसायला लागला. वाहिनीची रुंदी आणि गोंगाट दिला की जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक जाईल, ही मर्यादा क्लॉड शॅननने १९४८ साली गणिताने दाखवली. त्या मर्यादेजवळ जायचं तर चूक ओळखण्यासाठी जादा बिट पेरावे लागतात. घनपाठात शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून म्हणतात ते आठवा. एक अक्षर घसरलं तरी लगेच सापडतं. आमचे काही मित्र यावरून सगळं विज्ञान वेदांत होतं म्हणतात. ते काही आम्हाला पटत नाही, पण गरज तीच होती एवढं खरं.

मात्र याची किंमत असते. एएम हळूहळू बिघडतं. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि मग कड्यावरून पडावं तसं एकदम जातं. आकाशवाणीने मध्यम लहरीवरच्या अनेक प्रक्षेपकांना डीआरएमची डिजिटल जोड दिली आहे. त्यात सोळा किंवा चौसष्ट बिंदूंची मांडणी असते. जोवर लागतं तोवर झकास लागतं. पण कड्यापलीकडे ते दोन शब्दही मिळत नाहीत, शांतता मिळते. आणि समुद्रावर शांततेचा अर्थ ‘धोका नाही’ असाही लागू शकतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं. ११ तारखेला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, पण आपल्या जिल्ह्याच्या बोटी समुद्रात होत्या, आणि काही घरांची माणसं परत आली नाहीत. मोबाइल होता की, असं शहरातली माणसं म्हणतात. जीएसएमच्या मनोऱ्याची पोहोच फार तर ३५ किलोमीटर, कारण फोनचं उत्तर यायला लागणारा उशीर ठरावीक मर्यादेपर्यंतच धरलेला आहे. प्रत्यक्षात पाण्यावर त्याच्याही आधी रेंज जाते.

२००८च्या मुंबई हल्ल्यानंतर २० मीटर आणि त्याहून लांब बोटींना एआयएस सक्तीचं झालं. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर बोट आपली ओळख आणि जागा सेकंदाला ९६०० बिट या वेगाने सांगत राहते. किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर त्याचे ग्राहक बसले. जिथून आपण प्रकाश पाठवत होतो तिथेच आता बोटी आपलं नाव कळवतात. पण हे ज्याला पाहायचं त्याच्या सोयीचं. तांडेलाला काय मिळालं?

ओखी वादळ २०१७ साली आलं, त्यानंतर जेमिनी नावाची पेटी निघाली. उपग्रहावरून आलेला इशारा ती ब्लूटूथने मोबाइलवर दाखवते. पण ती एकतर्फी, ऐकू येतं, बोलता येत नाही. उलट इस्रोचं संकटसूचक यंत्र, डॅट, २०१० पासून वापरात आहे. ते नुसतं बोलणारं. कळ दाबली की संदेश उपग्रहामार्गे तटरक्षक दलाच्या केंद्रात जातो. दाबणाऱ्याला मात्र काही कळायचं नाही. पोचला की नाही, हा संशय घेऊन रात्र काढायची. मार्कोनीला निदान पुढे पुन्हा प्रयोग करता आला.

२०२४च्या आरंभी इस्रोने त्याची दुसरी पिढी जाहीर केली. त्यात संदेश मिळाल्याची पोच परत बोटीवर येते, आणि येणाऱ्या वादळाचा इशाराही त्याच यंत्रावर मिळतो. तंत्र म्हणून पाहिलं तर ही पोच म्हणजे जेमतेम काही बिट. आम्ही हे त्या मिरकरवाड्याच्या तांडेलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पोच आली म्हणजे माणूस बघतोय, की मशीन?’

पुढच्या शनिवारी आपण ग्राहकातल्या कालमापनाकडे वळू. आता प्रश्न असतील तर घेऊ या.