द्यूरा-यूरोपस येथील ख्रिस्ती गृहमंदिर

सिरियात फरात (युफ्रेटीस) नदीच्या उजव्या काठावरील द्यूरा-यूरोपस या तटबंदीच्या प्राचीन शहरात सापडलेली तिसऱ्या शतकातील वास्तू. काळ निश्चित सांगता येतो अशा ख्रिस्ती उपासनास्थळांत ती सर्वांत जुनी मानतात. येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांच्या उत्खननात १९३१-३२ च्या हंगामात ती उजेडात आली.

प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख पौलाच्या पत्रांत येतो. अशा जागेचे प्रत्यक्ष रूप मात्र येथेच पाहायला मिळते. मूळ वास्तू म्हणजे साधे चौकाचे घर. ओल्या गिलाव्यावर कोरलेला काळ इ. स. २३२-३३ असा आहे. पुढे दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे १३ मीटर लांबीचे सभागृह केले आणि त्याच्या पूर्व टोकाला ओटा बांधला. बाहेरून घर घरच राहिले.

खरा खर्च आणि हौस दिसते ती बाप्तिस्म्याच्या छोट्या खोलीत. खांबांवर तोललेल्या छताखाली कुंड, छतावर निळ्या रंगावर तारे आणि कुंडामागे मेंढरू खांद्यावर घेतलेला उत्तम मेंढपाळ; त्याच्या पायाशी छोट्या आकारात आदाम व हव्वा. अन्यत्र पक्षघाती मनुष्य बरा होतो, पेत्र पाण्यावरून चालतो. मशाली घेऊन निघालेल्या स्त्रिया येशूच्या कबरीकडे जात आहेत की दाखल्यातील कुमारी लग्नाला, यावर वाद आहे. चित्रकाराचा हात फारसा सफाईदार नाही. शेजारच्या यहुदी सभास्थानातील चित्रे कितीतरी सरस आहेत.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनपूर्वीचे ख्रिस्ती केवळ भुयारांत लपून भजत, ही समजूत येथे टिकत नाही. रोमी शिबंदीच्या या गावात, तटालगतच्या एकाच रस्त्यावर हे घर, यहुदी सभास्थान व मिथ्र देवाचे मंदिर होते.

सुमारे २५६ मध्ये सासानी इराण्यांच्या वेढ्यापूर्वी तट भक्कम करण्यासाठी रोमनांनी या इमारती मातीने भरल्या. शहर पडले व ओसाड झाले. भिंती मातीखाली वाचल्या. कुंडाच्या खोलीतील चित्रे आज अमेरिकेत न्यू हेवन येथे येलच्या कलादालनात आहेत, सभास्थानाची दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात. मूळ स्थळाची सिरियातील यादवीत मोठ्या प्रमाणावर लुटारू खोदाई झाली.