काशींतील जुने वाडे व त्यांतील यजमान

काशीक्षेत्रीं गंगेच्या कांठीं मुनशी घाट प्रसिद्ध आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारांतील श्रीधर मुनशी यांनीं इ. स. १८१२ च्या सुमारास तेथें चुनारी दगडाचा भव्य वाडा बांधिला. इ. स. १९१५ मध्यें तो दरभंग्याच्या महाराजांनीं विकत घेतला. सांप्रत त्यांत श्रीमंत प्रवाशांसाठीं हॉटेल चालतें. त्यामुळें इमारतीची डागडुजी झाली, ती पडण्यापासून वांचली, हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि भिंती वांचल्या म्हणजे घराचा इतिहास वांचला काय, हा प्रश्न उरतोच. आणि या एका प्रासादापेक्षां घाटामागील गल्ल्यांतील साध्या वाड्यांविषयीं तो अधिक निकडीचा आहे.

काशींत घरोघरीं प्रवासी उतरणें नवें नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत महाराष्ट्रीय घराण्यांची वस्ती जुनी. पेशव्यांस पूज्य असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकांत काशींतच वास्तव्य करून होते. देशावरून व कोंकणांतून येणारा यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायाच्या घरीं उतरे, आणि उपाध्याय त्याचें नांव, गोत्र, गांव व पूर्वजांचीं नांवें आपल्या वहींत उतरून घेई. वंशावळी जुळवितांना या वह्यांचा केवढा उपयोग होतो, हें वाचकांस सांगावयास नको. अशाच वाड्यांच्या माडीवर वेदाध्ययन करणारे विद्यार्थी व खालच्या खोल्यांत काशीवास करणाऱ्या वृद्ध विधवा अल्प भाड्यानें राहत.

आतां खोलीचें मोल रात्रीच्या हिशेबानें होतें. अर्थात् महिन्याचें अल्प भाडें देणारा बिऱ्हाडकरू प्रथम निघतो. पुढें मालकही शहराच्या नव्या भागांत जातो. गल्लींतील वाण्याच्या दुकानाच्या जागीं प्रवाशांचें उपाहारगृह येतें. शेजारच्या घराची हकीकत सांगणारा कोणी उरत नाहीं. पाहुणा पूर्वींही होता. यजमान मात्र नाहींसा झाला.

आम्ही कांहीं वर्षांपूर्वीं ब्रह्माघाटाकडील एका घरीं पुनः गेलों. पहिल्या भेटींत तेथील वृद्ध शास्त्र्यांनीं माळ्यावरील रुमालांत बांधलेल्या पोथ्या आम्हांस दाखविल्या होत्या. आतां तें घर प्रवाशांसाठीं चालत होतें व माळा पाडून तेथें पाण्याची टांकी बसविली होती. पोथ्यांची चौकशी करितां, कांहीं गंगार्पण केल्या व उरलेल्या रद्दींत गेल्या, असें उत्तर मिळालें. व्यवस्थापकास दोष देण्यांत अर्थ नाहीं. पोथी ओळखणारा मनुष्यच घरांत राहिला नव्हता. पहिल्याच भेटींत आम्हीं यादी केली नाहीं, ही चूक आमची.

सबब संशोधकांस विनंती कीं, जुना वाडा प्रवाशांच्या सोयीसाठीं बदलणार असें कानीं येतांच तेथें जावें. रुमाल, वह्या व शिलालेख यांची यादी करून छायाचित्रें घ्यावीं. मालकाचें मन वळवून मूळ कागद एखाद्या ग्रंथसंग्रहांत ठेववावे. आणि निघून जाणाऱ्या बिऱ्हाडकरूंच्या तोंडून घराची माहिती लिहून घ्यावी. पुणें, नाशिक व वाई येथील वाड्यांसही हेंच लागू आहे. दगड थांबतो, कागद व माणसें थांबत नाहींत.